विमागणिताची वाट आणि विषयांची निवड

कला शाखेत आलो म्हणजे गणिताची ब्याद टळली, अशी आपल्यातील पुष्कळांची समजूत असते. त्यामुळे विमागणितज्ञ, म्हणजेच ॲक्च्युअरी, हा शब्द कानावर पडला की 'ते विज्ञानवाल्यांचे काम' असे म्हणून आपण मोकळे होतो. मला हे मान्य नाही. अर्थशास्त्राचा विद्यार्थी असून मी या परीक्षांची तयारी करीत आहे. आणि विषय विचारपूर्वक निवडले तर ही वाट आपल्यालाही मोकळी आहे, असे माझे मत आहे.

या विद्येचा इतिहासच पाहा. १६९३ साली एडमंड हॅले याने ब्रेस्लाऊ शहरातील जन्ममृत्यूंच्या नोंदींवरून आयुर्मानाचा तक्ता तयार केला. हॅले खगोलशास्त्रज्ञ खरा, पण त्या नोंदी जमविल्या होत्या कास्पार नॉयमान या धर्मोपदेशकाने. पुढे १७४४ साली स्कॉटलंडमध्ये धर्मोपदेशकांच्या विधवांसाठी निधी उभा राहिला, तो रॉबर्ट वॉलेस व अलेक्झांडर वेबस्टर या दोन धर्मोपदेशकांच्या खटपटीने. हिशेबाच्या कामी कॉलिन मॅक्लॉरिन या गणितीचे साहाय्य त्यांना झाले. माणसांविषयीची आस्था आणि आकड्यांची शिस्त यांची सांगड पहिल्यापासूनच आहे.

आता एक साधे उदाहरण घेऊ. एकाच वयाच्या हजार माणसांनी प्रत्येकी एक लाख रुपयांचा वर्षभराचा विमा उतरविला आणि त्या वयात वर्षाकाठी हजारी दोन माणसे दगावतात, असे समजू. देणे दोन लाखांचे. म्हणजे खर्च व व्याज बाजूला ठेवले तर माणशी हप्ता दोनशे रुपये. झाले त्रैराशिक! पण खरे प्रश्न येथूनच सुरू होतात. दोनऐवजी पाच दगावले तर? हा प्रश्न संख्याशास्त्राचा. विमा तीस वर्षांचा असेल, तर आज घेतलेला पैसा व्याजाने किती वाढेल? हा गणिताचा. तीस वर्षांनी त्या लाखात काय विकत मिळेल? हा अर्थशास्त्राचा. आणि हे सारे, आकडेमोड न जाणणाऱ्या माणसाला समजावून कोण सांगणार? तेथे भाषाच कामी येते. म्हणूनच २०१९ च्या अभ्यासक्रमात संवादकौशल्याची स्वतंत्र परीक्षा ठेवण्यात आली.

आपल्याकडे १९४४ साली विमागणितज्ञांची संस्था स्थापन झाली. २००६ च्या कायद्याने तिला 'इन्स्टिट्यूट ऑफ ॲक्च्युअरीज ऑफ इंडिया' हे आजचे रूप आले. तिच्या प्रवेशपरीक्षेला बसण्यासाठी विज्ञान शाखेची अट नाही. त्या परीक्षेत गणित व संख्याशास्त्राबरोबर इंग्रजी आणि तर्कशक्तीही तपासली जाते.

तेव्हा माझे म्हणणे असे : अकरावीत गणित सोडू नये. पदवीला संख्याशास्त्र, गणित व अर्थशास्त्र यांपैकी एक प्रमुख विषय घ्यावा आणि उरलेल्यांपैकी निदान एक जोडीला ठेवावा. संभाव्यता, कलन आणि चक्रवाढ व्याज यांचा पाया पक्का करावा. ज्याला गणिताचा मनापासून कंटाळा आहे, त्याने मात्र पगाराचे आकडे ऐकून या वाटेला जाऊ नये.

केवळ 'ॲक्च्युरियल' हे नाव पाहून महागड्या अभ्यासक्रमाला भुलू नये, असेही मला वाटते. पदवी मिळाली तरी संस्थेच्या परीक्षा टळत नाहीत, आणि त्या पुऱ्या व्हायला वर्षानुवर्षे लागतात. सर्वांच्याच घरी तितकी वर्षे थांबण्याची ऐपत नसते. उद्या परीक्षा अर्ध्यावर सोडाव्या लागल्या तर हातात काय उरेल, हा प्रश्न विषय निवडतानाच स्वतःला विचारला पाहिजे. संख्याशास्त्र वा अर्थशास्त्र नीट शिकलेला विद्यार्थी अध्यापन, बँक, सर्वेक्षण, स्पर्धापरीक्षा यांपैकी कोठेही उभा राहू शकतो. त्याची तीन वर्षे वाया जात नाहीत.

प्राध्यापकवर्गाला एकच नम्र विनंती. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शाखांमधील भिंती कमी करण्याचा पुरस्कार केला आहे. पण अर्थशास्त्राचा आणि संख्याशास्त्राचा तास एकाच वेळी लागला, तर धोरण कागदावरच राहते. वेळापत्रक आखताना ही गाठ तेवढी सोडवावी. बाकीचा अभ्यास आम्ही करू.