घडीची सायकल घ्यावी का?

रायगड जिल्ह्यातल्या एका उर्दू शाळेत शिक्षणसेवक असलेल्या भगिनीचे पत्र आले आहे. घर तालुक्याच्या गावी, दुसऱ्या मजल्यावर. तिथून एसटीने फाट्यापर्यंत, आणि फाट्यापासून शाळा ४ किलोमीटर आत. आतल्या रस्त्यावर मिनीडोर चालते, पण भरल्याशिवाय हलत नाही. सकाळी हजेरीची वेळ चुकते, संध्याकाळी घरी पोहोचेपर्यंत असरची वेळ निघून जाते. जाऊन-येऊन रोज ४० रुपये लागतात आणि मानधन महिना १६,००० रुपये. त्या विचारतात, "आपा, फोल्डिंग सायकल घेतली तर जमेल का? मामू कुवेतहून आणून देतो म्हणतात. घरात मात्र सगळे हसतात, की बुरखा घालून सायकल कशी चालवणार?"

हसणाऱ्यांना हसू द्या. घडीच्या सायकलीला मधला आडवा दांडा वर नसतो, खाली पायांजवळ असतो. त्यामुळे चढताना-उतरताना पाय उंच टाकावा लागत नाही. अडचण येते ती घेराची. बुरख्याचा किंवा अबायाचा घेर मागच्या चाकात आणि चेनमध्ये जाऊ शकतो. त्यासाठी चेनवर पूर्ण झाकण असलेली सायकल निवडावी आणि मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी जाळी लावून घ्यावी. लेडीज सायकलला लावतात ती जाळी लहान चाकाला तयार मिळाली नाही, तर मिस्त्रीकडून मडगार्डच्या तारांना जाड दोरी आडवी-उभी ओवून घेता येते. सायकल चालवताना आत सलवार आणि वर गुडघ्याच्या थोडा खाली येणारा, कमी घेराचा अबाया सोयीचा पडतो. ओढणीची टोके मात्र पिनेने बांधलेलीच हवीत.

आता मूळ प्रश्न. या भगिनींना घडीची सायकल लागेलच असे मला वाटत नाही. फाट्यावर ओळखीचे दुकान असेल, दुकानदार विश्वासाचा असेल आणि रात्री सायकल आत ठेवू देत असेल, तर साधी लेडीज सायकल घ्यावी. ती स्वस्त, मजबूत, आणि तिचा कुठलाही भाग कुठल्याही गावात मिळतो. घडीची सायकल त्याच पैशात कमी टिकते, कारण घडीच्या सोयीसाठी आपण पैसे मोजलेले असतात. जी रोज घडी घालणार, रोज उचलणार, तिच्यासाठीच हा खर्च योग्य. फाट्यावर ठेवायला जागा नसेल, सायकल एसटीत चढवून घरी दुसऱ्या मजल्यावर न्यायची असेल, तर मात्र घडीला पर्याय नाही. हिशेब करून पाहा: १५,००० रुपयांची सायकल घेतली आणि महिन्याला २४ दिवस ४० रुपये वाचले, तर सोळा महिन्यांत वसूल. सुट्ट्या आणि पावसाचे दिवस धरले तर दीड-दोन वर्षे म्हणा.

लहान चाकाला दुप्पट पॅडल मारावे लागतात, हा सगळीकडे ऐकू येणारा समज चुकीचा आहे. २८ इंची साध्या सायकलच्या चाकाचा घेर सुमारे २.२ मीटर. पुढे ४४ दाते आणि मागे १८ दाते असतील, तर पॅडलच्या एका फेरीत चाक साधारण २.४४ वेळा फिरते, म्हणजे सुमारे ५.४ मीटर अंतर कापले जाते. २० इंची चाकाचा घेर सुमारे १.५५ मीटर, पण तिथे पुढचे चक्र मोठे असते. पुढे ५२ आणि मागे १४ दाते असतील तर एका फेरीत जवळजवळ पावणेसहा मीटर. (सातवीच्या मुलांना हे गुणोत्तराचे गणित घालून पाहा, सायकल उलटी उभी करून दाते मोजायला मुले एका पायावर तयार होतात.) तेव्हा ४ किलोमीटरला वीस मिनिटे पुरावीत. लहान चाकाचा खरा तोटा खड्ड्यांत कळतो. मोठे चाक ज्या खड्ड्यावरून निघून जाते, त्यात लहान चाक उतरते. म्हणून टायर रुंद, १.७५ इंचांचा असावा.

टायरवर आणखी एक आकडा छापलेला असतो, तो दुकानात वाकून वाचाच. ४७-४०६ असे लिहिले असेल तर पहिली संख्या टायरची रुंदी आणि दुसरी रिमवर बसणाऱ्या कडेचा व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. २० इंची म्हणून विकल्या जाणाऱ्या चाकांत ४०६ आणि ४५१ अशी दोन मापे आहेत, १६ इंचीत ३०५ आणि ३४९. एकाचा टायर दुसऱ्याला बसत नाही. ४०६ हे माप आपल्याकडच्या मुलांच्या २० इंची सायकलींचे आहे, म्हणून त्याचा टायर-ट्यूब तालुक्याच्या दुकानातही मिळतो. ४५१ किंवा ३४९ साठी मुंबईहून मागवावे लागेल. पंक्चर काही मुंबईत होणार नाही.

व्हॉल्व्हही पाहून घ्या. साध्या सायकलला रबरी नळीचा व्हॉल्व्ह असतो, घडीच्या सायकलींना बहुधा मोटरसायकलसारखा. तो असेल तर बरेच, कोणत्याही पंक्चरवाल्याकडे हवा भरता येते. फक्त कॉम्प्रेसरने भरताना जपावे. एवढी लहान ट्यूब क्षणात भरते आणि फुटतेही. किती हवा हवी ते टायरच्या बाजूवर लिहिलेले असते.

मामूंच्या भेटीबद्दल. बहुतेक विमान कंपन्या सामानाची लांबी, रुंदी आणि उंची मिळून १५८ सेंटीमीटरपर्यंत साधे सामान धरतात. २० इंची सायकलची घडी साधारण ८० × ६५ × ३५ असते, बेरीज १८०. म्हणजे जादा पैसे. १६ इंची ब्रॉम्प्टनची घडी १५० च्या आसपास बसते. ही लंडनच्या अँड्र्यू रिची यांनी सत्तरच्या दशकात आपल्या खोलीत बसून तयार केलेली रचना, आजही घडीत तिचा हात धरणारी सायकल विरळा. पण किंमत लाखांच्या घरात आणि टायर ३४९ चा. फाट्याच्या रस्त्यासाठी ती मागवू नये. बॅटरीची तर मुळीच मागवू नका. प्रवासी विमानात १६० वॅट-अवरपेक्षा मोठी बॅटरी नेऊ देत नाहीत, आणि ३६ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची लहानशी बॅटरीसुद्धा २५२ भरते. मामूंना पैसे पाठवू द्या, सायकल इथेच घ्या, म्हणजे बिघडली तर दाखवायला दुकान असेल.

दुकानात सायकल चालवून पाहण्याआधी उचलून पाहा. वजन १२ ते १४ किलो असते. दुकानाला जिना असेल तर पर्स आणि डब्याच्या पिशवीसकट एक मजला चढा. मग घडी स्वतः घाला, स्वतः उघडा, दुकानदाराला हात लावू देऊ नका. तीनदा करूनही अडत असेल तर एसटीच्या दारात वाहक घंटी वाजवत असताना ती उघडणार नाही. रस्त्यात चढ असेल तर गिअरची घ्या, सपाटीवर बिनगिअरची बरी. हलकी असते आणि बिघडायला कमी भाग.

एसटीत घडी केलेली सायकल सामानच ठरते. आगारात आधी विचारून घ्या आणि सायकलला जाड कापडाची पिशवी शिवून घ्या, तेलाचा डाग लागलेल्या सहप्रवाशाशी हुज्जत नको. रेल्वेच्या नियमांत डब्यात न्यायच्या पेटीचे माप १०० × ६० × २५ सेंटीमीटर दिलेले आहे. २० इंचीची घडी लांबीत बसते, जाडीत बसत नाही. गर्दीच्या वेळी महिलांच्या डब्यात ती घुसवू नये असे माझे स्पष्ट मत आहे. दारातली जागा अडवणे हा दुसऱ्याच्या हक्काचा प्रश्न आहे. पुणे आणि नागपूरच्या मेट्रोत सायकल नेऊ देतात, तिथल्या भगिनींना ही अडचण नाही.

आता बिजागरी. साध्या सायकलची चौकट एकसंध असते, घडीच्या सायकलला मध्ये एक आणि हँडलच्या दांडीला एक, अशा दोन बिजागऱ्या असतात. चालत्या सायकलवर हँडलची बिजागरी सुटली तर माणूस तोंडावरच पडतो. उंट आधी बांधा आणि मग तवक्कुल करा, हे आपण मुलांना शिकवतो. या सायकलीत उंटाचा दोर म्हणजे बिजागरीचा खटका. घरातून निघताना दोन्ही खटके आणि त्यांवरचे छोटे कुलूप बसलेले आहे का, हे हात लावून पाहा, नुसते डोळ्यांनी नाही. खटका तळहाताने जोर दिल्यावर बसला पाहिजे. एका बोटाने बसत असेल तर तो सैल झाला आहे. पान्याने त्याचा नट पाव फेरी आवळून पुन्हा पाहावे.

आठवड्यातून एकदा, जुम्याच्या आदल्या दिवशी म्हणा, पुढचा ब्रेक दाबून धरा आणि सायकल पुढे-मागे हलवा. हँडलच्या दांडीत किंवा मधल्या बिजागरीत खटखट जाणवली तर चालवू नका, आधी मिस्त्रीला दाखवा. बिजागरीच्या आसपास रंगाला केसासारखी रेघ दिसली तर ती रंगाची समजू नका. तडा असू शकतो, आणि तडा गेलेली चौकट गावात वेल्डिंग करून वापरणे म्हणजे जिवाशी खेळ. सीटच्या दांडीवर एक खूण असते. ती खूण नेहमी नळीच्या आत राहिली पाहिजे, पाय कितीही लांब असोत. कॅरिअरवर मूल बसवू नये, ते कॅरिअर दप्तरासाठी आहे.

तेल कुठे घालायचे यापेक्षा कुठे घालायचे नाही ते महत्त्वाचे. बिजागरीच्या खिळ्यावर एक थेंब पुरे. जिथे दोन तोंडे एकमेकांवर दाबून बसतात तो भाग, सीटची दांडी आणि रिम कोरडे पुसलेले हवेत. चेनला प्रत्येक कडीवर थेंबभर यंत्राचे तेल घालून उरलेले फडक्याने पुसून काढावे. खोबरेल घालण्याची आपल्या कोकणात सवय आहे. ते थंडीत गोठते आणि धूळ धरून चिकट होते, चेनसाठी वापरू नये. खाऱ्या हवेत ॲल्युमिनियमच्या चौकटीला तांबूस गंज चढत नाही, पण नट, चेन आणि आरे गंजतात. पावसात भिजलेली सायकल तशीच पिशवीत घालून ठेवू नका. उघडून, पुसून, सुकवून मगच घडी करा.

गिअरची सायकल असेल तर घडी घालण्याआधी चेन मागच्या सर्वांत मोठ्या चक्रावर आणावी, त्याने बाहेर लोंबणारा गिअर आत सरकतो. आणि डिकीत आडवी ठेवताना चेनची बाजू वर. घडी होणारी पॅडल्स वर्षा-दोन वर्षांत खिळखिळी होतात. बदलताना लक्षात ठेवा, डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात, नेहमीच्या दिशेने सोडवायला गेलात तर ते आणखी घट्ट बसेल.