बांधाची जमीन फुकट जात नाही

कापडाच्या व्यापाऱ्याने शेतीवर का लिहावे, असे कोणी विचारील. पण आमच्या मालेगावात माग चालवून किंवा पेढीवर बसून ज्यांनी दोन पैसे शिल्लक टाकले, त्यांतील अनेकांनी आसपासच्या खेड्यांत थोडीफार जमीन घेतलेली आहे. ती आपण बटईने देतो, आणि बटईदाराला आपली पहिली ताकीद असते की एक फूटही पडीक ठेवायचे नाही. आम्हीही तेच केले. आमच्या अडीच एकरांचा बांध आम्ही स्वतः उभे राहून कोरून घेतला, बोरी-बाभळी तोडल्या, सरपण विकले.

पुढे त्याच तुकड्यात बटईदाराने कांद्याचे उळे धरण्यासाठी डेंगळे लावले. गोंडे टपोरे आले, पण झोडपल्यावर बी फार थोडे निघाले. आम्ही खताला दोष दिला, आणि खरे सांगायचे तर मनात बटईदारालाही दिला. तो एवढेच म्हणाला, "शेठ, यंदा माशीच फिरली नाही."

चौकशी केली तेव्हा समजले की त्याचे म्हणणे खरे असू शकते. कांद्याच्या गोंड्यात शेकडो बारीक फुले असतात. प्रत्येक फुलातला पराग आधी झडतो आणि त्याच फुलाचा स्त्रीभाग नंतर तयार होतो. म्हणजे पराग दुसऱ्या फुलावरूनच यायला हवा. तो चिकट असल्याने वाऱ्याने फारसा उडत नाही, मधमाशीच लागते. आता ही माशी राहते कुठे? सातेरी झाडाच्या पोकळीत, काही रानमाश्या बांधाच्या न नांगरलेल्या मातीत, भुंगा वाळक्या लाकडात. डेंगळे फुलतात चार-सहा आठवडे. बाकीचे महिने तिला बाभूळ, बोर, कडुनिंब, करंज आणि बांधावरचे रानगवतच पोसते. आम्ही तिचे घर आणि वर्षभराचा शिधा दोन्ही सरपणात विकले होते. पेट्या भाड्याने आणता येतात, पण फुलोरा संपला की सातेरी तिथे टिकत नाही.

विलायतेत याचा हिशेब मांडून पाहिला गेला. इंग्लंडच्या बकिंगहॅमशायर परगण्यात हिल्सडेन येथे एका मोठ्या शेतावर काठाची ८ टक्क्यांपर्यंत जमीन पिकाखालून काढून फुलझाडे आणि गवत यांना दिली. सहा वर्षांचा हिशेब २०१५ साली प्रसिद्ध झाला. तेवढी जमीन सोडूनही शेताचे एकूण उत्पन्न घटले नाही, काही पिकांत तर वाढले. काठाला पीक तसेही कमीच येते, ही गोष्टही त्यात धरायला हवी. थानाची किनार कापून कोणी कापड वाढवत नाही, हे आम्हाला चाळीस वर्षांपासून ठाऊक होते. शेतात मात्र आम्ही तेच केले.

बटईदारांची तक्रारही खोटी नाही. बांधावर उंदीर होतात, झाडाच्या सावलीत दोन ओळी मार खातात. पण ते नुकसान एकट्या बटईदाराने का सोसावे? जमीन आपली, झाड आपले. मालक नफ्यात निम्मा असेल तर त्या दोन ओळींत तो निम्म्याहून जास्त असला पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. आपल्यातल्या काही बंधूंना हे रुचणार नाही.

पाडव्याला आम्ही नवा ठराव केला. बांध नांगरायचा नाही आणि जाळायचा नाही. गोंडे फुलावर असताना फवारणी टाळायची. अगदीच गरज पडली तर माशी परतल्यावर, सूर्यास्तानंतर करायची. डेंगळ्यांच्या कडेने धने आणि मोहरीच्या दोन ओळी, त्याचे बी आमचे. सावलीतली तूट आमच्या वाट्यातून. बोरी आणि करंजाची रोपे गेल्या पावसाळ्यात लावली आहेत. ती फुलावर यायला अजून काही वर्षे जातील, तोवर धने-मोहरीवरच भागवायचे आहे.