माशांच्या खाद्यातील नॅनो खनिजे: प्रश्न मात्रेचा

१ जूनपासून समुद्रात यांत्रिक नौकांची मासेमारी बंद होते आणि ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या बाजारांत पापलेट-सुरमईच्या जागी तळ्यांत वाढवलेले रोहू, कटला, पंगस दिसू लागतात. दुकानात ‘बासा’ म्हणून मिळणारे बिनकाट्याचे तुकडेही बहुधा पंगसचेच असतात. राज्य सरकारने एप्रिल २०२५ मध्ये मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. त्यामुळे अशी मासळी आपल्या ताटात आणखी येणार. ती काय खाऊन वाढते, हे विचारायला हीच वेळ योग्य आहे.

माणसाप्रमाणे माशालाही जस्त, सेलेनियम, लोह, तांबे अत्यल्प प्रमाणात लागतात. तयार खाद्यात सोयाबीनची पेंड, भाताचा कोंडा असा वनस्पतिजन्य माल बराच असतो. त्यातील फायटेट जस्ताला बांधून ठेवते. म्हणून खाद्यात खनिजांचे क्षार मिसळतात, पण त्यांतला मोठा भाग अंगी न लागता पाण्यात जातो. त्यावरचा नवा उपाय म्हणजे नॅनो कण. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले की एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर; हे कण साधारण १ ते १०० नॅनोमीटरचे असतात. कण जितका बारीक, तितके वजनाच्या मानाने त्याचे पृष्ठफळ मोठे, म्हणून कमी मात्रेतही तो जास्त शोषला जातो.

यावरचे महत्त्वाचे काम आपल्याच राज्यात झाले आहे. बारामतीजवळच्या राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेने पंगस माशांना सेलेनियम आणि जस्ताचे नॅनो कण खाद्यातून दिले. शिसे, आर्सेनिक आणि वाढलेले तापमान यांचा ताण या माशांनी अधिक चांगला सोसला. डॉक्टर म्हणून मला याचे मोल वाटते. मासे मुळातच सशक्त राहिले, तर तळ्यात प्रतिजैविके ओतण्याची गरज कमी होईल. साध्या मूत्रसंसर्गाच्या कल्चर रिपोर्टमध्येही एकामागून एक औषधापुढे ‘रेझिस्टंट’ असे लिहून येते, ते आम्ही सरकारी रुग्णालयात रोज पाहतो.

पण टाकीतला प्रयोग आणि बाजारातली गोणी यांत फरक असतो. प्रयोगात मात्रा मोजून दिलेली असते. इथे तर मात्रा हाच कळीचा मुद्दा आहे. प्रौढ माणसाला दिवसाला ४० ते ५५ मायक्रोग्रॅम सेलेनियम पुरते. सुरक्षित कमाल मर्यादा अमेरिकेत ४०० आणि युरोपात २५५ मायक्रोग्रॅम मानली जाते. म्हणजे गरज आणि अतिरेक यांत अंतर फार नाही. अतिरेक झाला की केस गळतात, नखे ठिसूळ होतात. बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात डिसेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात अनेकांना अचानक टक्कल पडले, तेव्हा डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातील वाढलेल्या सेलेनियमकडे बोट दाखवले. त्या घटनेचा माशांशी संबंध नाही. पण अन्नातून येणारे खनिज डोळ्यांना दिसत नाही, एवढे तिने दाखवून दिले.

दुसरा प्रश्न पाण्याचा. युरोपात डुकरांच्या पिल्लांना औषध म्हणून झिंक ऑक्साइडच्या मोठ्या मात्रा देत. जस्त जमिनीत साठते आणि जिवाणूंची औषधांना दाद न देण्याची वृत्ती बळावू शकते, या कारणांनी तो वापर २०२२ मध्ये थांबवण्यात आला. प्रतिजैविके टाळण्यासाठी आणलेला उपायच प्रतिरोध वाढवणारा ठरू नये.

केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २०२० मध्ये नॅनो कृषी निविष्ठा व अन्नपदार्थांच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वे काढली. ती कागदावर राहू नयेत. खाद्याच्या गोणीवर कोणते खनिज, कोणत्या रूपात, किलोमागे किती, हे मराठीत छापलेले असावे. विक्रीआधी माशाचे मांस, यकृत आणि तळ्याचे पाणी यांतील अंश तपासले जावेत. बाजारातील नमुन्यांचे निष्कर्ष अन्न व औषध प्रशासनाने जाहीर करावेत. वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आपल्या इतक्या जवळ असताना तज्ज्ञांची वानवा आहे, असे कुणी म्हणू नये.

वाचकांनी मासे खाणे मुळीच सोडू नये. इतकी चांगली प्रथिने स्वस्तात दुसरीकडे सहज मिळत नाहीत. मासळी साफ करून घेताना आतडी, कल्ले आणि यकृत काढून टाकावे, कारण खनिजे मांसापेक्षा यकृत-मूत्रपिंडात अधिक साठतात. आणि ‘माशाला फायदा झाला, मग मलाही होईल’ असे मानून सेलेनियमच्या गोळ्या मनाने सुरू करू नयेत. कमतरता सिद्ध झाली, तरच त्या घ्याव्यात.