पोट एकदाच उघडावे
शिवाजी पेठेतल्या तालमींच्या कट्ट्यांवर राजकारणापासून फुटबॉलपर्यंत साऱ्यांची चर्चा होते. शौचाच्या तक्रारींची मात्र होत नाही. रक्त पडले तर मूळव्याध समजून अंगावर काढायचे, ही आपली जुनी रीत. त्यामुळे पोट फुगून, वारा सरणे बंद होऊन रोगी रुग्णालयात पोचेपर्यंत मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा पुष्कळदा पत्ताच लागलेला नसतो.

अशा वेळी तातडीची शस्त्रक्रिया करावी लागते. परंतु गाठीनेच वाट अडवल्यामुळे आधी दुर्बीण घातली तरी ती पलीकडे जात नाही. शंभरातल्या सुमारे तीन ते पाच रोग्यांत त्याच वेळी आतड्यात अन्यत्रही कर्करोग असतो. पुढे कर्करोगात रूपांतर होऊ शकणारे मांसांकुर तर याहून अधिकांना असतात. शल्यविशारद बाहेरून आतडे चाचपतो, पण लहान गाठ हाताला लागत नाही. मळाने भरलेल्या आतड्यात ती सीटी स्कॅनमधूनही निसटू शकते.

यावर एक उपाय शस्त्रक्रियेच्या टेबलावरच करता येतो. अडवणारी गाठ काढल्यावर वरचे आतडे कोमट सलाईनने धुऊन घ्यायचे. ह्यू डड्ली व त्यांच्या सहकाऱ्यांनी या धुण्याच्या पद्धतीविषयी १९८० साली लिहिले होते. मग दुर्बीण आत सरकवायची. पोट उघडेच असल्याने शल्यविशारद हाताने तिला वाट देऊ शकतो. दुसरी गाठ आढळली, तर किती आतडे काढायचे याचा निर्णय तिथल्या तिथे बदलता येतो.

यात वेळ जातो, हवेने आतडे ताणले जाते. प्रकृती ढासळलेल्या वा आतडे फुटलेल्या रोग्यावर हे करू नये, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच शस्त्रक्रियेनंतर तीन ते सहा महिन्यांत दुर्बिणीने तपासावे, असा सर्वसाधारण शिरस्ता आहे. पण रोगी परत येईल, हे त्यात गृहीत धरलेले असते. पेठेतला माणूस सीपीआर रुग्णालयात चालत जाईल. गगनबावड्याच्या शेतमजुराला मात्र मजुरी बुडवून, सोबत माणूस घेऊन, एसटीचे भाडे मोजून यावे लागते, तेही दुखणे थांबल्यावर! तो आला नाही, की त्याच्या अज्ञानाला दोष देऊन आपण मोकळे होतो.

आमची मागणी माफक आहे. प्रत्येक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात रात्रीच्या शस्त्रक्रियेलाही दुर्बीण, ती चालवणारा डॉक्टर आणि ती निर्जंतुक ठेवणारा कर्मचारी हजर असावा. ज्यांची तपासणी टेबलावर होऊ शकली नाही, त्यांची नोंदवही ठेवून त्यांना प्रवासखर्चासह परत बोलवावे. शासनाच्या कर्करोग-तपासणी कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांचा समावेश आहे. मोठे आतडे त्यात नाही. ते येईपर्यंत निदान उघडलेले पोट अर्धवट तपासून शिवले जाऊ नये.