आधी कोळंबी, मग मासे

खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी शोभेची कोळंबी मागितली की दुकानदार बहुधा एकच वाक्य ऐकवतो, "घेऊन जा, टाकी साफ ठेवते." लालबुंद पाठीवरून गेलेला पांढरा पट्टा आणि लांबलचक पांढऱ्या मिशा बघून गिऱ्हाईक हरखतं. पिशवी घरी येते आणि टाकीत आधीपासून असलेल्या माशांच्या तोंडी कोळंबी सोडली जाते. मुंबई-ठाण्यातल्या घरांत, दवाखान्यांत आणि हॉटेलांत समुद्री टाक्यांची देखभाल करणं हे माझं काम. त्या कामातून माझं मत पक्कं झालं आहे. ज्याला कोळंबी पाळायची आहे त्यानं टाकी कोळंबीसाठी आखावी आणि तिच्याबरोबर नांदतील तेवढेच मासे आणावेत. मासे आधी निवडून कोळंबी मागाहून त्यांच्यात टाकणं थांबलं पाहिजे.

या कोळंबीला या धंद्यात 'क्लीनर श्रिम्प' म्हणतात. ती हिंदी आणि प्रशांत महासागरातल्या प्रवाळ खडकांवर राहते. खडकाच्या कपारीशी बसून ती मिशा हलवते आणि मासे तिच्यापाशी येऊन थांबतात. माझ्याकडच्या एका टाकीत पिवळा सर्जनफिश रोज हे करतो. कोळंबीसमोर तो तिरका होऊन स्थिर राहतो, कल्ले फाकवतो आणि ती त्याच्या अंगावर चढून मेलेली कातडी, बारीक परजीवी टिपत फिरते. ही सफाई माशांची आहे. काचेवरचं शेवाळ किंवा तळाची विष्ठा ती काढत नाही. उरलंसुरलं अन्न खाते, पण तेवढ्यावर तिचं भागत नाही. तिला वेगळं खाऊ घालावं लागतं.

माशांचा रोगही ती बरा करत नाही. अंगावर पांढरे ठिपके आणणारा परजीवी माशाच्या कातडीखाली शिरतो, तिथं कोळंबीचं काही चालत नाही. मग घाबरलेला मालक तांब्याचं औषध थेट टाकीत ओततो. तांब्याच्या ज्या मात्रेत मासा तगतो, ती कोळंबीचा जीव घेते. आजारी मासा वेगळ्या टाकीत काढूनच औषध द्यायला हवं, आणि ही गोष्ट कोळंबी विकतानाच सांगायला हवी.

"समुद्रात तर हे सगळे एकत्रच राहतात ना?" असं मला नेहमी विचारलं जातं. राहतात, पण समुद्रात पळायला जागा असते, लपायला हजार कपारी असतात. चार फुटांच्या काचेत ट्रिगरफिश, लायनफिश, हॉकफिश, पफर किंवा मोठा रास आणला, की कोळंबी हे त्यांचं आयतं जेवण होतं. सफाई करणारी म्हणून क्लीनरला काही मासे सोडून देतात हे खरं, पण त्या सवलतीवर भरवसा ठेवता येत नाही. क्लाउनफिश, गोबी, ब्लेनी, फायरफिश, सर्जनफिश यांच्यासोबत ती सहसा सुखानं राहते. लायनफिशची हौस असणाऱ्यानं लायनफिश जरूर ठेवावा, फक्त त्या टाकीत कोळंबी आणू नये.

धोका सर्वांत जास्त असतो तो कात टाकताना. वाढणारी कोळंबी ठरावीक काळानं जुनं कवच उतरवते. मिशा, पाय, डोळ्यांचा आकार सगळं जसंच्या तसं असलेली पारदर्शक कात सकाळी तळाशी पडलेली दिसते आणि "कोळंबी मेली" असा फोन मला येतो. मी सांगते, कात तिथंच राहू द्या, खडकामागे टॉर्च मारून बघा. ती तिथं चिकटून बसलेली असते, नवं कवच कडक होण्याची वाट बघत. त्या वेळी ती इतकी मऊ असते की एरवी शांत वाटणारा मासाही तिला चावू शकतो. म्हणून टाकीत मासा शिरू शकणार नाही अशा अरुंद कपारी हव्यात. मी सांभाळत असलेल्या आणखी एका टाकीत मालकानं कोळंबीमागून ट्रिगरफिश आणला. पहिल्याच कातीच्या रात्री ती संपली.

पाण्यातला अचानक बदलही तिला सोसत नाही. दुकानातल्या आणि घरातल्या पाण्याची क्षारता वेगळी असते, म्हणून पिशवीत टाकीचं पाणी थेंबाथेंबानं सोडत तिला सावकाश सवय लावायची. घाईनं ओतलेली कोळंबी कधी लगेच, तर कधी पुढच्या कातीत दगावते. आपल्या एप्रिल-मे महिन्यांत पाणी थंड ठेवणारा चिलर हवा. नवी टाकी तर काही महिने स्थिरावू द्यावीच.

शिवाय सगळ्या कोळंब्या सारख्या नसतात. लाल-पांढऱ्या पट्ट्यांची बॉक्सिंग श्रिम्प जोडीनं राहते, पण एकाच लिंगाच्या दोन ठेवल्या तर जिवावर उठतात. पेपरमिंट श्रिम्प एप्टेशिया नावाचं त्रासदायक समुद्रफूल खाते. हार्लेक्विन श्रिम्प फक्त तारामासे खाते, त्यामुळे बहुतेक घरांत तिची उपासमार होते. पिस्तूल कोळंबीला नीट दिसत नाही. ती बीळ खणते आणि पहारा गोबी मासा देतो. तिची मिशी सतत त्याच्या अंगाला टेकलेली असते, धोका दिसताच तो शेपूट हलवतो आणि दोघं बिळात शिरतात. असे सोबती शोधून आणण्यात खरा आनंद आहे.

कोळंबी दगावण्याचा हा प्रश्न घरापुरता नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाशी संलग्न संस्थेच्या 2003 च्या अहवालानुसार जगभरात दरवर्षी 2 कोटींहून अधिक समुद्री शोभिवंत मासे आणि सुमारे 90 लाख ते 1 कोटी अपृष्ठवंशी जीव विकले जात होते. क्लीनर श्रिम्पची अळी महिनोन्महिने पाण्यात तरंगत वाढते. तिची पैदास अवघड असल्यानं बाजारातल्या बहुतेक कोळंब्या थेट प्रवाळ खडकांवरून पकडलेल्या असतात. आपल्या निष्काळजीपणानं एक मेली की तिच्या जागी दुसरी समुद्रातूनच येते.

पर्याय उभे राहत आहेत. राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोनं लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर तिथल्या महिलांना शोभेची कोळंबी वाढवायला शिकवलं. आपल्याकडे ऐरोलीत कांदळवन प्रतिष्ठाननं क्लाउनफिशसारख्या माशांची पैदास सुरू केली. अशा पैदाशीच्या जिवांना गिऱ्हाइकानं आवर्जून मागणी केली, तरच ही कामं टिकतील.

केंद्र सरकारनं 2017 मध्ये मत्स्यालय दुकानांसाठी नियम काढले होते. त्यांत 158 प्रजातींवर बंदी होती, विरोध झाला आणि नियम मागे घेतले गेले. सरसकट बंदीचा हट्ट मलाही पटत नाही. पण प्रत्येक टाकीवर जिवाचं नाव, तो पैदाशीचा की समुद्रातून पकडलेला, काय खातो आणि कोणाबरोबर ठेवू नये, एवढं लिहिण्याची सक्ती करायला हरकत कोणाची असेल? राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागानं एवढं तरी करावं.

तोवर हे काम गिऱ्हाइकाचं. कोळंबी घेण्यापूर्वी आपल्या टाकीतल्या माशांची यादी दुकानदाराला दाखवा आणि वरचे सगळे प्रश्न विचारा. नीट उत्तर मिळालं नाही, तर त्या दिवशी रिकाम्या हातानं परत या.