हद्दीपलीकडचे श्रम

कोलकात्याच्या दक्षिण भागातील बालीगंज हे सियालदह दक्षिण शाखेवरील जंक्शन आहे. कॅनिंग, लक्ष्मीकांतपूर, डायमंड हार्बर आणि नामखाना या बाजूंनी भल्या पहाटे सुटणाऱ्या लोकल गाड्यांतून हजारो स्त्रिया येथे उतरतात आणि गडियाहाट, ढाकुरिया, बालीगंज येथील इमारतींत पांगतात. धुणेभांडी, केरलादी, स्वयंपाक, मुलांची देखभाल, वृद्धांची शुश्रूषा ही कामे चार-पाच घरांत उरकून दुपारनंतर त्या परतीची गाडी पकडतात. या गाड्यांना शहरी भद्रलोकांनी 'झी स्पेशल' असे नाव ठेवले आहे. 'झी' या बंगाली शब्दाचा मूळ अर्थ मुलगी. राबणारीला मुलगी म्हणायचे आणि वाट्याच्या वेळी तिला परकी धरायचे, ही सरंजामी सोय जुनीच आहे. मराठीतील 'मोलकरीण' या शब्दात निदान मोलाचा उल्लेख तरी राहिला आहे.

या स्त्रिया कोलकात्याच्या नागरिक नाहीत. गडियाच्या पुढे महापालिकेची हद्द संपते व राजपूर-सोनारपूर नगरपालिका सुरू होते. त्यापुढे दक्षिण चोवीस परगणा जिल्ह्याची गावे सुंदरबनाच्या खाड्यांपर्यंत पसरली आहेत. मतदान तेथे, रेशनकार्ड तेथे, श्रम मात्र येथे. शहराचे सारे दैनंदिन जीवन ज्यांच्या हातांवर चालते, त्यांच्याविषयी शहराच्या कारभाराची कोणतीही जबाबदारी नाही, असा या हद्दीचा व्यवहारातील अर्थ आहे.

कोलकात्याच्या हद्दीचा इतिहास मराठी वाचकाला परका नाही. १७४२ साली नागपूरकर भोसल्यांच्या फौजा भास्करराम कोल्हटकरांच्या नेतृत्वाखाली बंगालमध्ये घुसल्या, तेव्हा भयभीत झालेल्या कोलकातावासीयांनी शहराभोवती खंदक खणण्यास घेतला. तो 'मराठा खंदक' या नावाने ओळखला गेला. मराठे कोलकात्यावर चालून आले नाहीत. खंदकही अपुराच राहिला, परंतु पुढे तीच शहराची सीमा मानली गेली. १७९९ मध्ये त्याचा मोठा भाग बुजवून सर्क्युलर रोड बांधण्यात आला. बालीगंज त्या काळी या सीमेबाहेरचे उपनगर होते. १८८८ च्या कायद्याने ते शहरात आले. १९८४ मध्ये जादवपूर, दक्षिण उपनगर आणि गार्डन रीच या नगरपालिका महापालिकेत विलीन झाल्या. जमिनीला भाव येताच हद्द पुढे सरकत गेली, असाच हा सारा क्रम आहे.

लोहमार्गाची कथाही अशीच आहे. मातला नदीच्या काठी हुगळीला पर्यायी बंदर उभारण्याच्या सट्ट्यातून १८६२-६३ मध्ये कॅनिंगपर्यंत रूळ टाकले गेले. बंदर बुडाले, रूळ उरले. मालाऐवजी त्यांच्यावरून आता श्रमशक्तीची वाहतूक होते. २००१ ते २०११ या दशकात कोलकात्याची लोकसंख्या ४५ लाख ७२ हजारांवरून ४४ लाख ९६ हजारांवर उतरली. त्याच काळात दक्षिण चोवीस परगण्याची ६९ लाखांवरून ८१ लाखांच्या पुढे गेली. शहर आपल्या हद्दीत आकसत आहे, आणि त्याच्या गरजा हद्दीबाहेरचा जिल्हा भागवीत आहे.

त्या गाड्यांतील स्त्रिया कोठून येतात हेही पाहिले पाहिजे. नामखान्याची गाडी काकद्वीपवरून येते. १९४६ पासूनच्या तेभागा लढ्यात पिकाच्या दोन-तृतीयांश वाट्यासाठी याच काकद्वीपच्या भागचाषी कुटुंबांतील स्त्रिया पोलिसांसमोर उभ्या राहिल्या आणि १९४८ मध्ये चंदनपिडी येथे गरोदर अहल्येसह अनेकांनी गोळ्या झेलल्या. १९७८ नंतरच्या 'ऑपरेशन बर्गा'ने भागचाष्यांची नोंद झाली; कुळाला संरक्षण मिळाले. भूमिहीनाचा प्रश्न मात्र राहिला. मे २००९ च्या आयला वादळाने बांध फोडून खारे पाणी शेतांत घातले, मे २०२० मध्ये अम्फान आले, पुढच्याच वर्षी यास. पुरुष केरळ-तमिळनाडूकडे बांधकामावर गेले. मुले आणि म्हातारी माणसे सांभाळून जी रात्री घरी परतू शकते, तिच्या वाट्याला ही लोकल आली.

येथे पिळवणुकीचे एक खास स्वरूप दिसते. श्रमशक्तीचे मूल्य म्हणजे श्रमिकाच्या व त्याच्या कुटुंबाच्या निर्वाहाचा खर्च. बालीगंजचे घर देते ते केवळ त्या घरातील तास-दीड तासाचे दाम. प्रवासाचे तास, आजारपण, बाळंतपण, म्हातारपण हा सारा भार गावाकडच्या दोन बिघ्यांवर आणि झोपडीवर टाकलेला असतो. दाम कमी ठेवता येते, कारण ती दूर राहते. आणि ती दूर राहते, कारण त्या दामात शहरात राहता येत नाही. रेल्वेने २००९ साली असंघटित श्रमिकांसाठी पंचवीस रुपयांचा 'इज्जत' मासिक पास सुरू केला. त्यासाठी मासिक उत्पन्नाची मर्यादा ठेवली दीड हजार रुपये! जिला पासची गरज, तीच बाहेर राहील अशी ही इज्जत.

दिल्लीत ही रेषा राज्याची आहे. नोएडा उत्तर प्रदेशात, गुडगाव हरियाणात. २०२० च्या टाळेबंदीत या सीमा बंद झाल्या आणि अखेर जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाला तिन्ही सरकारांना समान धोरण आखण्यास सांगावे लागले. बालीगंज आणि कॅनिंग यांच्यामध्ये राज्यसीमा नाही, तरी परिणाम तोच झाला. मार्च २०२० मध्ये लोकल बंद पडल्या, त्या ११ नोव्हेंबरला सुरू झाल्या. मे २०२१ मध्ये पुन्हा थांबल्या, त्या ऑक्टोबरअखेरपर्यंत. रेल्वे कर्मचाऱ्यांसाठी खास गाड्या धावत होत्या, घरकामगार स्त्रीला त्यांत जागा नव्हती. जून २०२१ मध्ये सोनारपूर व मल्लिकपूर येथे प्रवाशांनी रूळ अडवले ते या पार्श्वभूमीवर. मुंबईतही कसारा-कर्जतकडच्या कष्टकऱ्यांनी तेच भोगले. ज्या घरांनी बंदच्या काळातील पगार दिला त्यांनी तो दयेपोटी दिला, आणि ज्यांनी दिला नाही त्यांना जाब विचारणारी यंत्रणाच नव्हती.

कारण कायद्याच्या दृष्टीने हे काम उद्योगच नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेने 'उद्योग' या व्याख्येतून घरगुती सेवा स्पष्टपणे वगळली आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा २०११ चा १८९ वा ठराव भारताने मान्य केलेला नाही. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घरकामगारांसाठी कायद्याचा विचार करण्यास समिती नेमण्याचे निर्देश केंद्राला दिले. समिती आणि कायदा यांच्यामधले अंतर या देशातील कामगार चांगले ओळखतो. महाराष्ट्राने २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. त्याने मंडळ दिले, वेतनाचा दर दिला नाही.

मालक अनेक, काम तासांचे, कामगार परगावचा, मग नियमन कसे करणार, असा युक्तिवाद केला जातो. महाराष्ट्राच्या १९६९ च्या माथाडी कायद्याने त्याचे उत्तर दिले आहे. साताऱ्याहून आलेला हमाल दिवसात कितीही व्यापाऱ्यांचा माल उचलो, त्याची नोंद मंडळाकडे असते, मजुरी व तीवरील लेव्ही मालक मंडळात भरतात, आणि त्यातून भविष्यनिर्वाह निधी, रजा, बोनस निघतो. हक्क कामाच्या जागेशी जोडला गेला की गाव कोणत्या जिल्ह्यात हा प्रश्न उरत नाही. बालीगंजच्या प्रत्येक प्रभागात अशी नोंद, प्रत्येक इमारतीकडून लेव्ही, उत्पन्नाच्या हास्यास्पद अटीविना पास, आणि स्टेशनाजवळ स्त्रियांसाठी स्वच्छ शौचगृह व विश्रांतीची जागा, या मागण्या आजच करण्याजोग्या आहेत. २०१८ मध्ये पश्चिम बंगालमधील घरकामगारांच्या संघटनेला ट्रेड युनियन म्हणून नोंदणी मिळाल्याने त्या करणारे संघटित हातही आहेत.

मध्यमवर्गीय कुटुंब म्हणेल की आम्हीही पगारदारच आहोत. खरे आहे, आणि म्हणूनच महागाईभत्ता, अर्जित रजा व बोनस यांची किंमत त्याला सांगावी लागू नये. बालीगंजमध्ये कामगारवर्गाच्या बाजूने बोलणाऱ्या घरांची वाण कधीच नव्हती. महिन्याच्या चार सुट्ट्या, आजारपणाची पगारी रजा, पूजेचा बोनस आणि वार्षिक वाढ एका कागदावर लिहून त्यावर सही करण्यासाठी या घरांना कोणत्याही संहितेची वाट पाहावी लागत नाही.