पोते नको, टोपली हवी

दोन महिन्यांपूर्वी आमच्या ओळखीच्या एका भगिनीने आम्हाला जिन्यातच गाठले. त्यांची चाळ पुनर्विकासात गेली आहे. महिनाअखेरीस खोली रिकामी करून ट्रान्झिट कॅम्पात जायचे होते. कपाट, भांडी, गॅस, पोरांची दप्तरे या कशाचीच त्यांना काळजी नव्हती. काळजी होती ती घरातल्या मांजरीची. "नखं कापायला धरली तरी ओरबाडते. पिशवी नुसती दिसली की माळ्यावर जाऊन बसते. हिला टेम्पोत घालायची कशी, तुम्हीच सांगा!"

हा प्रश्न ऐकून कोणी हसेल. माणसांच्या राहण्याचे वांधे, तिथे मांजरीचे काय घेऊन बसलात, असेही कोणी म्हणेल. आम्ही हसलो नाही. आमचा अनुभव कडू आहे, तो आधी सांगतो.

2019 साली आमची जुनी चाळ पाडायला निघाली तेव्हा आईकडे चिमी नावाची मांजर होती. वय नऊ वर्षे. वडील गेल्यापासून ती रात्री आईच्या पायाशी झोपायची. सामान हलवायच्या दिवशी टेम्पोवाला घाईवर आला होता आणि चिमी कोणाच्या हाती लागत नव्हती. शेवटी आम्ही तिची मानगूट धरली, तिला तांदळाच्या पोत्यात घातले आणि तोंड सुतळीने आवळले. अर्धा रस्ता ती ओरडत होती, मग गप्प झाली. आम्ही म्हणालो, बरे झाले, शांत झाली एकदाची. नव्या जागी पोचल्यावर टेम्पोच्या फाळक्यावरच पोत्याचे तोंड सोडले. चिमी बाणासारखी सुटली आणि समोरच्या बांधकामाच्या पत्र्यामागे गेली, ती कायमची. आई पंधरा दिवस संध्याकाळी सुकटीची ताटली घेऊन त्या पत्र्याशी उभी राहून हाका मारायची. आम्ही जुन्या चाळीपाशीही जाऊन बघून आलो. तिथे आता ढिगारा होता. आई आम्हाला एका शब्दाने रागावली नाही. इतकेच म्हणाली, "मुक्या जिवाला पोत्यात कोंबलं, त्याला कसं कळावं आपण वैरी नाही ते?"

म्हणून हा लेख.

गप्प म्हणजे शांत नव्हे

कुत्रे माणसाला धरून असते, मांजर जागेला धरून असते. उंबरा, माळा, खिडकी, गोधडी या सर्वांवर ते गाल घासून आपला वास लावते. त्या वासात त्याला निर्धास्त वाटते. घराबाहेर काढले की तो वास जातो, गाड्यांचे आणि कुत्र्यांचे आवाज येतात, पायाखालची जमीन हलते. त्यातून मांजराला फक्त दोनच आठवणी असतात. टोपलीत घातले की डॉक्टरची सुई, आणि आडवे पाडले की नखे. मग ते टोपली पाहून पळाले तर नवल काय?

घाबरलेले मांजर ओळखायला शिकावे. कान मागे चपटे होतात, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, अंग आकसते, शेपटी अंगाला चिकटते किंवा सपासप आपटते. काही मांजरे ओरडतात, काही थिजून बसतात. थिजलेल्या मांजराला आपण शांत समजतो, चिमीच्या बाबतीत आमची हीच चूक झाली.

मानगूट धरून उचलायची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे. मांजरी आपल्या पिलांना तसे नेते हे खरे, पण पिलू हातभर नसते आणि धरणारी आई असते. मोठ्या मांजराला त्याने दुखते आणि भीती दुप्पट होते. एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली, असे अंगाशी धरून उचलावे.

टोपलीची ओळख

जायच्या दिवशी टोपली काढू नये. निदान तीन आठवडे आधी काढावी. बाजारातली प्लास्टिकची टोपली वरून उघडणारी मिळाली तर उत्तम, कारण मांजराला दारातून ओढून काढावे लागत नाही. तेवढे पैसे नसतील तर भाजीवाल्याकडच्या दोन प्लास्टिक क्रेट एकमेकींवर पालथ्या घालून, एका बाजूला नायलॉन दोरीने पक्क्या बांधाव्यात. दुसरी बाजू झाकणासारखी उघडते, निघताना तीही बांधावी. आत मांजराला उभे राहता आणि वळता आले पाहिजे. पुठ्ठ्याचा खोका नको, मुतल्यावर तो भिजतो आणि वाटेत फाटतो.

पहिला आठवडा टोपली कॉटखाली किंवा मांजर झोपते त्या कोपऱ्यात उघडी ठेवावी. आत जुन्या लुगड्याची घडी घालावी. मऊ फडके मांजराच्या गालावरून आणि हनुवटीखालून फिरवावे आणि तेच टोपलीच्या कडांना आतून पुसावे. मांजराचा हा गालाचा वास कृत्रिम करून बाटलीत विकतात, तो महाग असतो. तुमच्या घरी तो फुकट आहे.

दुसऱ्या आठवड्यात जेवण टोपलीशी न्यावे. आधी दारात, मग थोडे आत, मग अगदी तळाशी. ढकलू नये. आत गेले की झाकण लावून दहा आकडे मोजावेत, उघडावे, सुकटीचा एक तुकडा द्यावा. रोज वेळ थोडा वाढवावा.

तिसऱ्या आठवड्यात झाकलेली टोपली दोन्ही हातांनी खालून उचलावी, खोलीत फिरवावी, मग जिन्यापर्यंत, मग एखाद्या दिवशी कोपऱ्यापर्यंत रिक्षाने जाऊन परत यावे. परत आल्यावर पुन्हा खाऊ. कुठल्याही पायरीवर मांजर बिचकले तर आदल्या पायरीवर यावे. घाई केली की सगळे मुळापासून सुरू करावे लागते.

विंचरणे आणि नखे

आपल्या देशी मांजराचे केस आखूड असतात, ते आपले अंग आपणच चाटून साफ ठेवते. त्याला अंघोळ सहसा लागत नाही. मऊ दातांच्या कंगव्याने आठवड्यातून दोनदा विंचरले तरी पुरे. सुरुवात गालांपासून आणि हनुवटीपासून करावी, मग पाठ. पोट आणि शेपूट शेवटी, तेही मांजराने करू दिले तर. दोन मिनिटांत थांबावे. मांजर कंटाळण्याआधी आपण थांबलो की दुसऱ्या दिवशी ते आपणहून येते. लांब केसांत गुंता झाला तर कात्री घालू नये. कातडी पातळ असते, गुंत्याबरोबर वर उचलली जाते आणि कापली जाते. तिथे डॉक्टरच हवा.

पुढच्या पायाला पाच आणि मागच्या पायाला चार, अशी मांजराला अठरा नखे असतात. ती एका बैठकीत कापायचा हट्टच भांडणाचे मूळ आहे. आधी काही दिवस नुसता पंजा हातात घ्यायची सवय लावावी. मग बोटाची गादी हलके दाबली की नख बाहेर येते. नखाच्या मुळाशी गुलाबी भाग दिसतो, त्यात रक्त आणि शीर असते. तो सोडून फक्त पुढचे पारदर्शक टोक कापावे. एका दिवशी एक किंवा दोन नखे. मांजर झोपाळलेले असताना काम सोपे जाते. फार धडपडले तर टॉवेलमध्ये अंग सैलसर गुंडाळून एकच पंजा बाहेर काढावा. तरीही ओरडले तर सोडून द्यावे. नखे उद्याही तिथेच असतात.

जायचा दिवस

निघण्याआधी तीन-चार तास खायला देऊ नये, म्हणजे वाटेत उलटी होत नाही. पाणी मात्र तोडू नये. सामान हलवायला माणसे यायच्या आत मांजराला टोपलीत घालून मोरीत किंवा एका बंद खोलीत ठेवावे. आमची पहिली चूक इथेच झाली होती. दहा माणसांच्या पायात मांजर कोणाच्याच हाती लागत नाही.

टोपलीवर पातळ चादर टाकावी, अंधारात मांजर लवकर निवते. हवा मात्र अडवू नये. टेम्पोत सामानात ती ठेवू नये, माणसाने रिक्षात आपल्या मांडीवर किंवा दोन पायांच्या मध्ये घट्ट धरावी. उन्हाळ्यात सकाळी लवकर निघावे. मांजर तोंड उघडून कुत्र्यासारखे धापा टाकू लागले तर ते धोक्याचे लक्षण आहे, सावलीत थांबून हवा द्यावी आणि धापा थांबल्या नाहीत तर तडक दवाखाना गाठावा. एसटीने किंवा रेल्वेने गावी जायचे असेल तर आगारात किंवा स्टेशनच्या पार्सल ऑफिसात आधी जाऊन नियम विचारून यावे. ऐनवेळी फलाटावर हुज्जत नको.

नव्या घरी दार-खिडक्या बंद करूनच टोपली उघडावी. बाहेर ओढू नये, ते आपणहून येईल. पहिले काही दिवस एकाच खोलीत ठेवावे. जुनी गोधडी न धुता तिथे घालावी, मातीचे घमेले कोपऱ्यात ठेवावे. दोन-तीन आठवडे बाहेर सोडू नये, नाहीतर ते जुन्या घराच्या वाटेला लागते आणि ते घर आता उरलेले नसते. आता आपल्यापैकी अनेकांना विसाव्या मजल्यावर खोल्या मिळत आहेत. मांजर पडले तरी पायावर उतरते या भरवशावर खिडकी उघडी ठेवू नये. जबडा, छाती, पाय मोडतात, जीवही जातो. खिडकीला जाळी लावावी.

हे मात्र करू नका

मांजर घाबरले, अंग तापले म्हणून घरातली पॅरासिटामोलची गोळी देऊ नका. माणसाला ती चालते, मांजराच्या यकृताला ती पचवता येत नाही. रक्त बिघडते, हिरड्या निळ्या-तपकिरी होतात, तोंड आणि पंजे सुजतात. एका गोळीने मांजर मरू शकते. माणसांची झोपेची गोळीही नको. काही मांजरांसाठी डॉक्टर प्रवासाच्या दोन-तीन तास आधी गॅबापेन्टिन देतात, त्याचा उपयोगही होतो. पण मात्रा वजनावर ठरते, आणि केमिस्टकडच्या अनेक गोळ्यांत त्याबरोबर दुसरी औषधे मिसळलेली असतात. म्हणून डॉक्टरने लिहून दिल्याशिवाय नाही. कुत्र्याची पिसवांची पावडरही मांजराला लावू नका, तिच्यातले परमेथ्रिन मांजराला विष आहे. फिनेलने पुसलेल्या ओल्या फरशीवर त्याला फिरू देऊ नका, ते आपले पंजे चाटते.

मुंबईकरांना परळचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय ठाऊक आहे, आपण त्याला 'बैलघोडा' म्हणतो. तालुक्याच्या गावी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना असतो. तिथे रांगेत बसताना टोपली जमिनीवर ठेवू नये. बाकावर ठेवावी आणि तोंड कुत्र्यांकडून फिरवून झाकावी.

शेवटी पोराबाळांविषयी. घाबरलेले मांजर चावते, ओरबाडते. घरचे आहे, काही होत नाही, असे म्हणून बसू नका. जखम नळाच्या वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा. हळद, चुना, तिखट काही लावू नका. त्याच दिवशी सरकारी किंवा महापालिकेच्या दवाखान्यात जा, रेबीजची लस तिथे मोफत मिळते. रेबीज झाल्यावर माणूस जवळपास कधीच वाचत नाही, लस मात्र वेळेवर घेतली तर वाचवते. मांजरालाही तीन महिन्यांचे झाले की ही लस टोचून घ्यावी आणि दरवर्षी डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा द्यावी.

मांजर आडवे गेले म्हणून आपले काम अडत नाही, हे आपण केव्हाच शिकलो. आपल्यामुळे मांजराचे काही अडू नये, एवढे आता शिकायला हवे.

त्या भगिनीने तीन आठवडे हे सारे केले. पहिले आठ दिवस मांजर टोपलीच्या वाऱ्यालाही उभी राहिली नाही. जायच्या दिवशी मात्र कुरकुरत का होईना, आत बसली. नव्या खोलीत दोन दिवस कॉटखाली होती, तिसऱ्या दिवशी भाकरीच्या वासाने ओट्याशी आली. हे सांगायला त्यांचा फोन आला तेव्हा आई शेजारीच बसली होती. तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "पोत्यात नाही ना घातली?" आम्ही नाही म्हणालो. मग ती उठून चहा ठेवायला गेली.

कोणाला आणखी काही युक्ती ठाऊक असेल तर अवश्य कळवावी. पुढच्या आठवड्यात भेटूच.